उडून गेले, पण कुठे?

मागच्या सत्रात विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या हाउसने पालकाच्या पानातले रंग वेगळे करून दाखवायचे ठरवले होते. प्रयोग सोपा आहे आणि दिसायलाही छान. पालकाची पाने थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये वाटायची. त्या हिरव्या रसाचा एक ठिपका फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालच्या बाजूला लावायचा. मग पट्टीचे टोक ९ भाग हेक्झेन आणि १ भाग अ‍ॅसिटोन यांच्या मिश्रणात टेकवायचे आणि बरणीला झाकण लावायचे. द्रव हळूहळू पट्टीवर चढतो आणि जाताना रंगांना आपल्याबरोबर ओढत नेतो. एकच हिरवा वाटणारा ठिपका बघता बघता फुटतो. सगळ्यात वर केशरी-पिवळे कॅरोटिन, त्याखाली पिवळे झँथोफिल आणि खाली दोन प्रकारचे हिरवे हरितद्रव्य, असे पट्टे दिसू लागतात.

पट्टे चांगले आले. आम्ही खूश झालो. बरणीत साधारण ५० मिलिलिटर द्रव उरला होता. मी तो सिंकमध्ये ओतला, वर नळ सोडला आणि बरणी पालथी घातली. केमिस्ट्रीचे सर दारातून आत येत होते. त्यांना वास आला असावा. पलीकडच्या टेबलावर आठवीचे ज्युनिअर कॅडेट स्पिरिटचा दिवा लावण्याच्या तयारीत होते. सर एकदम मोठ्या आवाजात म्हणाले, "माचिस खाली ठेवा. कोणी काही पेटवायचं नाही." परेड ग्राउंडवर ऐकू येतो तसा तो आवाज होता. मी घाईने एक्झॉस्ट फॅनचे बटण दाबायला धावलो, तर त्यांनी माझा हात धरला. खिडक्या उघडायला लावल्या आणि सगळ्यांना बाहेर काढले.

व्हरांड्यात त्यांनी मला विचारले, "बरणीतलं कुठे गेलं?"

"सर, सिंकमध्ये ओतलं. तसंही ते लगेच उडून जातं."

"उडून कुठे जातं?"

मला उत्तर देता आले नाही. शिक्षा म्हणून मला मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या नाहीत. सरांनी एवढेच सांगितले की याचे उत्तर शोध आणि सकाळच्या असेंब्लीत दहा मिनिटे बोल. तेव्हा दहा मिनिटांत जे सांगता आले नाही, ते इथे लिहितो आहे.

हेक्झेन म्हणजे काय?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनच्या संयुगांचा धडा आहे. त्यात मिथेन, इथेन, प्रोपेन अशी संपृक्त हायड्रोकार्बनची यादी येते. त्या यादीत शेवटी हेक्झेन असते. 'हेक्स' म्हणजे ग्रीक भाषेत सहा. हेक्झेनच्या रेणूत कार्बनचे ६ आणि हायड्रोजनचे १४ अणू असतात. हेच अणू पाच वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, म्हणजे त्याचे पाच रचना समघटक आहेत. सहाही कार्बन एका सरळ साखळीत असतील तर त्याला एन-हेक्झेन म्हणतात. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात जे 'हेक्झेन' मिळते, त्यात बहुधा या सरळ साखळीच्या रेणूंबरोबर फांद्या असलेले भाऊबंदही मिसळलेले असतात. हे सगळे कच्च्या खनिज तेलापासून मिळते. पेट्रोलमध्येही हेक्झेन असते, म्हणूनच त्याचा वास आपल्याला पेट्रोल पंपाची आठवण करून देतो.

दिसायला हेक्झेन अगदी पाण्यासारखे असते. पहिली अडचण इथेच सुरू होते. लेबल नसलेल्या बीकरमध्ये पाणी आहे की हेक्झेन, हे नुसते पाहून कळत नाही. पण दोघांचा स्वभाव मात्र पूर्ण वेगळा आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हेक्झेन ६९ अंशांना. पाण्याच्या एका मिलिलिटरचे वजन १ ग्रॅम असते, हेक्झेनचे ०.६६ ग्रॅम. त्यामुळे दोन्ही एका परीक्षानळीत घेतले तर हेक्झेन वर तरंगते, आणि कितीही हलवले तरी थोड्या वेळाने दोन थर पुन्हा वेगळे होतात. पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांच्या एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्या टोकाला थोडा ऋण प्रभार असतो. ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. हेक्झेनच्या रेणूला अशी टोके नसतात. त्यामुळे पाणी त्याला आपल्यात सामावून घेत नाही.

हा फरक पाहायचा असेल तर सरांच्या देखरेखीखाली आयोडिनचा प्रयोग करून बघा. पाण्यात आयोडिन जेमतेम विरघळते आणि रंग पिवळट-तपकिरी येतो. त्यावर थोडे हेक्झेन ओतून नळी हलवली की आयोडिन पाणी सोडून हेक्झेनमध्ये जाते आणि वरचा थर सुंदर जांभळा होतो. आयोडिनला आपल्यासारखाच अध्रुवीय सोबती हवा असतो. तेल, चरबी, मेण, पानातले कॅरोटिन ही सगळी मंडळी याच गटातली. म्हणून जे पाण्याने निघत नाही ते हेक्झेनने निघते.

हेक्झेनचे रेणू एकमेकांनाही फार घट्ट धरत नाहीत. त्यामुळे ते द्रवातून सहज सुटतात आणि हवेत जातात. सुटताना लागणारी उष्णता ते आजूबाजूच्या वस्तूंकडून घेतात. सरांनी आम्हाला थर्मामीटरच्या फुग्याला कापूस गुंडाळून त्यावर हेक्झेनचे थेंब टाकून दाखवले. पारा भराभर खाली उतरला. काही मिनिटांत कापूस कोरडा झाला. डाग नाही, ओल नाही, काहीच नाही. हे पाहिले की ते 'संपले' असे वाटते. माझीही तीच समजूत होती.

मेसमधल्या वड्यांपर्यंत

धोक्यांकडे येण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हेक्झेन इतके त्रासदायक आहे तर ते वापरतात कशाला, असा प्रश्न असेंब्लीनंतर एका ज्युनिअरने मला विचारला होता. त्याचे उत्तर आपल्या मेसमध्येच आहे.

आठवड्यातून एकदा तरी आपल्या ताटात सोयाबीनच्या वड्यांची भाजी येते. या वड्या तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून बनवतात. सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल असते. शेंगदाणा किंवा तीळ यांच्या तुलनेत हे कमी आहे. नुसते घाण्यात किंवा यंत्रात दाबले तर बरेचसे तेल पेंडीतच राहून जाते. म्हणून कारखान्यात सोयाबीन भरडून, त्याचे पातळ पापुद्रे करून, त्यांवरून गरम हेक्झेन सोडतात. हेक्झेन पापुद्र्यांतले तेल विरघळवून घेऊन जाते. मागे राहिलेल्या पेंडीत तेल सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी उरते. मग तेल आणि हेक्झेन यांचे मिश्रण तापवतात. हेक्झेन कमी तापमानाला उकळत असल्याने ते वाफ होऊन निघून जाते आणि तेल मागे राहते. वाफ थंड करून पुन्हा हेक्झेन बनवतात आणि तेच हेक्झेन परत वापरतात. पेंडीतले हेक्झेनही वाफेच्या साहाय्याने काढून घेतात. खाद्यतेलात हेक्झेनचा अंश दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त राहू नये, असा आपल्या देशातला नियम आहे.

माझे आजोबा लातूरजवळ सोयाबीन पिकवतात. पोती बाजार समितीत गेल्यावर पुढे त्यांचे काय होते, याचा मी कधी विचार केला नव्हता. लातूर आणि विदर्भातल्या सोयाबीन पट्ट्यात, तसेच मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूला असे तेल काढणारे कारखाने आहेत. आमच्याकडे लोक त्यांना 'सॉल्व्हंट प्लांट' म्हणतात. तांदळाच्या कोंड्याचे तेल, म्हणजे राइस ब्रॅन ऑइल, हेही बहुतेक याच पद्धतीने निघते. कोंड्यासारख्या वस्तूतून नुसत्या दाबाने तेल काढणे फार अवघड असते.

याशिवाय रबर विरघळवणारे गोंद, चपला-बूट चिकटवण्याचे सोल्यूशन, यंत्रांचे तेलकट भाग पुसणे आणि प्रयोगशाळेतले वेगळे करण्याचे अनेक प्रयोग, यांत हेक्झेन किंवा त्याच्या जातीचे द्रावक लागते. या सगळ्यांत त्याचे दोन गुण उपयोगी पडतात. एक म्हणजे ते तेलकट पदार्थ विरघळवते. दुसरा म्हणजे काम झाले की ते उडून जाते. आता पाहायचे ते असे, की धोकाही नेमका या दोन गुणांतूनच येतो.

पहिला धोका : आग

सिंकमध्ये ओतलेल्या ५० मिलिलिटरचा हिशेब मी नंतर वहीत मांडला. हिशेब सोपा राहावा म्हणून ते सगळे हेक्झेनच होते असे धरू.

५० मिलिलिटर हेक्झेनचे वजन सुमारे ३३ ग्रॅम. हेक्झेनच्या एका मोलचे वजन ८६ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडे सुमारे ०.३८ मोल झाले. खोलीच्या तापमानाला कोणत्याही वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा व्यापतो. म्हणजे अर्ध्या कपापेक्षाही कमी द्रवापासून सुमारे ९ लिटर बाष्प तयार होते.

आता हे ९ लिटर बाष्प हवेत मिसळले की काय होते? हवेत हेक्झेनचे प्रमाण १.१ टक्के ते ७.५ टक्के यांच्या दरम्यान असेल तर ते मिश्रण ठिणगीने पेटते. १.१ टक्क्यापेक्षा कमी असेल तर जळायला पुरेसे इंधन नसते. ७.५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पुरेसा ऑक्सिजन नसतो. खालची मर्यादा धरली तर ९ लिटर बाष्प सुमारे ८०० लिटर हवेला पेटण्याजोगी बनवू शकते. २०० लिटरचे चार मोठे ड्रम डोळ्यांसमोर आणा. एवढी हवा मी एका क्षणात धोक्यात आणली होती.

ही हवा खोलीभर सारखी पसरत नाही, हे आणखी वाईट. हेक्झेनच्या रेणूचे वजन ८६, आणि हवेतल्या रेणूंचे सरासरी वजन सुमारे २९. म्हणजे हेक्झेनचे बाष्प हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ते वर जात नाही, खाली उतरते. टेबलावरून पाण्यासारखे जमिनीवर वाहते, खळग्यात, सिंकच्या पाइपात, तळघरात, गटारात साचते. म्हणून 'उडून जाते' हा शब्दच मुळात फसवा आहे. डोळ्यांना न दिसता ते खाली सरपटत जाते. ते दूरवरच्या एखाद्या दिव्यापर्यंत पोहोचले तर ज्योत त्याच वाटेने मागे धावत येते आणि मूळ बाटलीपर्यंत पोहोचते.

थंडी असली तर धोका नाही, असेही नाही. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेटण्याइतके बाष्प जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. केरोसिनचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांहून अधिक असतो. हेक्झेनचा असतो उणे २२ अंशांच्या आसपास. म्हणजे द्रासच्या हिवाळ्यातल्या उणे २० अंशांतही उघड्या बाटलीजवळ ठिणगी पडली तर हेक्झेन पेटू शकते. आपल्या प्रयोगशाळेत तर ते नेहमीच तयारीत असते. फक्त ठिणगी हवी. ती माचिसचीच असायला हवी असे नाही. विजेचे बटण दाबताना आत एक बारीक ठिणगी पडते. सरांनी माझा हात का धरला, ते मला तेव्हा कळले. शिवाय ज्वलनांक सुमारे २२५ अंश असल्याने, लाल न झालेली पण चांगली तापलेली हॉट प्लेटही पुरेशी होते. हेक्झेन प्लास्टिकच्या डब्यात वेगाने ओतताना स्थिर विद्युत तयार होते आणि तिचीही ठिणगी पडू शकते. म्हणून कारखान्यात मोठ्या टाक्या आणि पाइप जमिनीला तारेने जोडून ठेवतात.

माझ्या सिंकचे काय झाले, तेही सांगतो. प्रत्येक सिंकखाली वाकडा पाइप असतो आणि त्यात थोडे पाणी कायम राहते, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे त्याचा काही भाग त्या पाण्यावर तरंगत राहतो आणि बाष्प होऊन पुन्हा खोलीत येतो. मी नळ सोडला होता, त्यामुळे काही भाग पुढे ढकलला गेला. पुढे म्हणजे कुठे, याचे उत्तर अमेरिकेतल्या एका शहराने फार महागात पडून शिकले.

लुईव्हिलची पहाट

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात सोयाबीनवर प्रक्रिया करणारा एक कारखाना होता. तिथून हजारो लिटर हेक्झेन शहराच्या सांडपाण्याच्या भुयारी वाहिन्यांत गेले. १३ फेब्रुवारी १९८१ची पहाट होती. रस्त्याखाली, कोणाला न दिसता, जड बाष्प वाहिन्यांतून मैलभर पसरत गेले होते. एक मोटार रेल्वेच्या पुलाखालून जात होती. तिच्या ठिणगीने बाष्प पेटले आणि भुयारी वाहिन्या एकामागून एक फुटत गेल्या. मॅनहोलची जड झाकणे हवेत उडाली. दोन मैलांहून अधिक लांबीच्या रस्त्यांवर खड्डे पडले. वेळ पहाटेची असल्याने रस्ते जवळजवळ रिकामे होते. चार जण जखमी झाले, पण कोणाचा जीव गेला नाही. तासाभराने शाळा-ऑफिसची गर्दी सुरू झाली असती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

कुठे ५० मिलिलिटर आणि कुठे हजारो लिटर, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. सर म्हणाले, "गटार तुझ्या एकट्याचं नसतं. प्रत्येक वर्गातल्या प्रत्येकाने 'एवढंसंच तर आहे' म्हटलं, की बेरीज किती होते ते तूच काढ."

दुसरा धोका : नसा

आग दिसते, तिचा आवाज होतो. हेक्झेनचा दुसरा धोका असा दिसत नाही. तो अनेक महिन्यांनी समोर येतो.

२००९ साली चीनमधल्या सुझोऊ शहरातल्या एका कारखान्यात मोबाइल फोनचे काचेचे पडदे पुसायचे काम चालायचे. आधी त्यासाठी अल्कोहोल वापरत. ते बदलून हेक्झेन वापरायला सुरुवात झाली, कारण ते लवकर वाळते आणि काम भराभर होते. काही महिन्यांत कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बोटे बधिर झाली, चालताना पाय लटपटू लागले. एकूण १३७ कामगारांना याची बाधा झाली. त्यांतले कित्येक जण आपल्यापेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठे असतील. १९६०च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवण्याचे काम करणाऱ्यांनाही गोंदातल्या हेक्झेनमुळे हाच आजार झाला होता.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. श्वासावाटे आत गेलेले एन-हेक्झेन यकृतात पोहोचते. शरीर त्याला बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूपांतर करत जाते आणि त्यातून २,५-हेक्झेनडायोन नावाचे संयुग तयार होते. हेच संयुग नसांमधल्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवते. सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात. म्हणून सुरुवात पायांपासून आणि मग हातांपासून होते. मोजे आणि हातमोजे घालतो तेवढाच भाग बधिर होतो. काम थांबवल्यावरही काही काळ आजार वाढत राहतो आणि बरे व्हायला महिने, कधी वर्षे लागतात. हेक्झेनपेक्षा एकच कार्बन जास्त असलेले हेप्टेन नसांना याहून खूप कमी त्रास देते. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी शक्य असेल तिथे हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरतात.

यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पेटण्यासाठी हवेत हेक्झेन किमान १.१ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत ११,००० भाग लागते. पण अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने दिवसभर काम करणाऱ्यांसाठी सुचवलेली मर्यादा दहा लाखांत फक्त ५० भाग आहे. म्हणजे आगीचा धोका सुरू होण्याच्या २००हून अधिक पट आधीच नसांची काळजी घ्यावी लागते. 'वास थोडाच येतोय, काही होत नाही' या वाक्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. आपण वर्षातून चार वेळा प्रयोग करतो, त्याने हा आजार होत नाही. पण आपल्यातले काही जण उद्या कारखान्यात, वर्कशॉपमध्ये किंवा लष्कराच्या इंजिनिअरिंग शाखेत असतील. तिथे आपल्या हाताखालचे जवान रोज आठ तास कशाने काय पुसतात, हे आपल्याला माहीत असायला हवे.

याशिवाय जास्त बाष्प हुंगले गेले तर डोके जड होते, गरगरते आणि झापड येते. वारंवार हातावर घेतले तर त्वचेतले तेल विरघळून ती कोरडी पडते, भेगा पडतात. चुकून पोटात गेले तर उलटी करवायची नाही. कारण उलटी होताना हा पातळ द्रव फुप्फुसात उतरू शकतो, आणि तिथे तो पोटातल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. रुग्णाला लगेच एमआय रूममध्ये न्यायचे आणि बाटलीचे लेबल बरोबर न्यायचे.

आपण काय करायचे?

आमच्या प्रयोगशाळेत आता पुढचे नियम भिंतीवर लावले आहेत.

१. हेक्झेनची बाटली उघडण्याआधी आजूबाजूला बर्नर, स्पिरिटचा दिवा, हॉट प्लेट चालू नाही ना, ते स्वतः बघायचे. शेजारच्या टेबलावरही बघायचे.

२. काम फ्यूम हूडमध्ये किंवा खिडक्या उघड्या ठेवून करायचे. लागेल तेवढेच घ्यायचे आणि झाकण लगेच लावायचे.

३. पिपेट तोंडाने कधीही ओढायची नाही. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घालायचे. लेटेक्सचे साधे हातमोजे हेक्झेनला फार काळ अडवत नाहीत.

४. तापवायचे असेल तर ज्योतीवर नाही, गरम पाण्याच्या भांड्यात, आणि सर समोर असताना.

५. सांडले तर ओरडून सगळ्यांना सांगायचे, ज्योती विझवायच्या, खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणांना हात लावायचा नाही आणि बाहेर पडायचे.

६. पेटलेच तर पाणी ओतायचे नाही. हेक्झेन पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. छोट्या भांड्यातली आग झाकण ठेवून विझते. मोठ्या आगीसाठी फोम, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो.

७. उरलेला द्रव सिंकमध्ये नाही, तर 'टाकाऊ द्रावक' असे लेबल लावलेल्या बाटलीत. भिजलेले कागद आणि कापूसही उघड्या डस्टबिनमध्ये नाहीत.

आठवा नियम भिंतीवर नाही, तो मी डॉर्मिटरीसाठी लिहितो. परेडच्या आदल्या रात्री बूट आरशासारखे चमकावेत म्हणून पॉलिशची डबी लायटरने तापवायची युक्ती आपल्यापैकी पुष्कळांना सीनिअरकडून मिळाली आहे. पॉलिशमध्ये मेणाबरोबर टर्पेंटाइन किंवा नॅफ्थासारखा द्रावक असतो. तो हेक्झेनइतका चपळ नाही, पण तापवला की त्याचेही बाष्प होते आणि तेही जळते. दोन पलंगांच्या मध्ये, लोंबत्या चादरींच्या खाली, खिडक्या बंद करून आपण जे करतो, ते लुईव्हिलपेक्षा फार वेगळे नाही. कोमट पाण्याचा एक थेंब, मऊ कापड आणि थोडा जास्त वेळ घेतला तरी बूट चमकतात. मी करून पाहिले आहे.

असेंब्लीत बोलताना माझे पाय थोडे थरथरत होते. शेवटी सरांनी सगळ्यांसमोर पुन्हा तोच प्रश्न विचारला, "मग, उडून कुठे गेलं?" या वेळी मी उत्तर दिले, "सर, कुठेच गेलं नव्हतं. फक्त दिसेनासं झालं होतं."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आता टाकाऊ द्रावकाची एक बाटली असते. तिचे लेबल मी लिहिले आहे. या सत्रात ती निम्मी भरली आहे. म्हणजे तेवढे गटारात गेले नाही.